ब्राउझर काढता आला पाहिजे

नवा ब्राउझर बसवायला कुठल्याही संगणकावर दोन-चार मिनिटं पुरतात. आधीपासून आलेला ब्राउझर काढणं तितकं सोपं नसतं. भारतातल्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी उघडली, तर क्रोम किंवा फायरफॉक्ससमोरचा ‘अनइन्स्टॉल’ लगेच चालतो. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या एजसमोर मात्र तो फिकट असतो, दाबला जात नाही. तोच विंडोज जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये असेल, तर एज इतर प्रोग्रामसारखाच काढता येतो. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यातली बंधनं मार्च २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांवर लागू झाली, आणि त्यापायी तिथल्या ग्राहकांना ही सोय मिळाली. यंत्र तेच आहे; संगणक पहिल्यांदा सुरू करताना कोणता प्रदेश निवडला, त्यावर सगळं ठरतं. त्यामुळे ‘हा ब्राउझर काढता येत नाही’ हे विधान तांत्रिक मर्यादा म्हणून स्वीकारण्याचं काही कारण नाही. तो कंपनीचा निर्णय आहे, आणि तो संगणकाच्या मालकाने घ्यायला हवा.

हा वाद पाव शतकाहून जुना आहे. मे १९९८ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने आणि अनेक राज्यांनी मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. नेटस्केप हा तेव्हाचा मोठा प्रतिस्पर्धी होता, आणि विंडोज ९८ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर असा गुंतवला होता की तो काढण्याचा पर्यायच यादीत नव्हता. दोन्ही मिळून एकच वस्तू आहे, वेगळं केलं तर विंडोज बिघडेल, असा कंपनीचा बचाव होता. प्रिन्स्टन विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी सरकारच्या बाजूने साक्ष देताना एक प्रोग्रामच पुढे ठेवला. तो चालवला की विंडोज ९८ मधली वेब पाहण्याची सोय निघून जात असे. त्याने विंडोज मंदावतो हे दाखवायला कंपनीने न्यायालयात व्हिडिओ लावला, पण फेब्रुवारी १९९९ मधल्या उलटतपासणीत त्यातल्या विसंगती उघड झाल्या. कंपनीच्या म्हणण्यात एक भाग खरा होता, तो मान्य केला पाहिजे. फेल्टन यांच्या प्रोग्रामनंतरही एक्स्प्लोररचा बराचसा कोड विंडोजमध्ये राहत होता, कारण इतर प्रोग्राम त्याच्यावर विसंबून होते. तरीही हा कोड असा मिसळणं आणि ‘अ‍ॅड/रिमूव्ह प्रोग्राम्स’च्या यादीतून एक्स्प्लोरर वगळणं या दोन्ही गोष्टी २००१ मध्ये अपील न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश याच न्यायालयाने रद्द केला होता, तेव्हा ते कंपनीच्या विरोधात पेटलेलं होतं असं कुणी म्हणू शकत नाही.

त्या खऱ्या भागातच उत्तरही दडलेलं आहे. ज्याला आपण ब्राउझर म्हणतो त्यात पानं मांडणारं इंजिन असतं आणि त्याभोवती खिडकी, बुकमार्क, इतिहास, पासवर्ड यांचा प्रोग्राम असतो. इतर सॉफ्टवेअरला गरज लागते ती इंजिनाची. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडोज १० च्या बहुतेक संगणकांवरचा इंटरनेट एक्स्प्लोरर एजच्या अपडेटमधून कायमचा बंद केला. विंडोज चालतच राहिला. जुन्या साइट्ससाठी लागणारं इंजिन तेवढं मागे ठेवलं. ज्या ब्राउझरवाचून विंडोजचं अडेल असं न्यायालयात सांगितलं होतं, तो कंपनीनेच असा बाजूला केला. आज एजच्या बाबतीत इंजिनाचं काम वेबव्ह्यू २ नावाचा भाग करतो. युरोपात एज काढला तरी वेबव्ह्यू २ जागेवर राहतो आणि त्याच्या आधाराने चालणारे प्रोग्राम अडत नाहीत. इंटरनेटवर मिळणाऱ्या अनधिकृत स्क्रिप्ट वापरून एज उपटून काढू नये, ते मात्र याचसाठी: त्यातल्या काही स्क्रिप्ट वेबव्ह्यू २ सुद्धा उडवतात आणि मग भलतेच प्रोग्राम बंद पडतात.

लिनक्सवर हा प्रश्नच उरत नाही. डेबियनमध्ये सोबत आलेला फायरफॉक्स टर्मिनलमधल्या एका ओळीच्या आज्ञेने जातो, उबुंटूच्या २२.०४ पासूनच्या आवृत्त्यांत तो स्नॅप या पॅकेज पद्धतीने येतो, म्हणून आज्ञा वेगळी, पण तीही एकच ओळ. मॅकवर क्रोम बसवणं म्हणजे तो अ‍ॅप्लिकेशन्स फोल्डरमध्ये ओढणं, आणि काढणं म्हणजे ट्रॅशमध्ये टाकणं. सफारीला मात्र हात लावता येत नाही. अ‍ॅपल यासाठी सुरक्षेचं कारण देऊ शकते, आणि ते पोकळ नाही: सिस्टीमच्या फाइल्स सीलबंद ठेवल्या की घातक सॉफ्टवेअरला त्यांत फेरफार करणं फार अवघड जातं. पण सील बाहेरच्या घुसखोरासाठी असतं. मालकाने पासवर्ड देऊन सांगितल्यावर कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेने तो प्रोग्राम काढावा, याला त्याची आडकाठी नाही. युरोपीय संघातल्या आयफोनवरून सफारी काढण्याची सोय अ‍ॅपलनेच दिली आहे. दुसरा आक्षेप नवख्यांचा: एकुलता एक ब्राउझर काढला तर दुसरा उतरवायचा कसा? विंडोजला मायक्रोसॉफ्ट स्टोअर आहे, ब्राउझर नसतानाही तिथून फायरफॉक्स मिळतो. शिवाय दुसरा ब्राउझर नसेल तर काढण्याआधी इशारा देता येईल. त्यासाठी पर्यायच बंद ठेवायची गरज नाही.

काढता येतो तिथेही काम अर्धंच होतं, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. प्रोग्राम जातो, माहिती उरते. विंडोजवर क्रोम काढताना ‘ब्राउझिंग डेटाही पुसायचा का’ अशी चौकट समोर येते; तिच्यावर खूण केली नाही तर इतिहास आणि साठवलेले पासवर्ड वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये तसेच राहतात. मॅकवर ट्रॅश रिकामी केली तरी लायब्ररी फोल्डरमधली प्रोफाइल हलत नाही. डेबियनमध्ये ‘पर्ज’ केलं तरी होम फोल्डरमधल्या फाइल्सना धक्का लागत नाही. ब्राउझर पुन्हा बसवणाऱ्याला हे सोयीचं असतं. पण लॅपटॉप विकणाऱ्याने किंवा कार्यालयातला संगणक परत करणाऱ्याने एवढ्यावर विसंबू नये. आधी ब्राउझरमधूनच सगळा डेटा पुसावा, खात्यातून बाहेर पडावं आणि मग प्रोग्राम काढावा.

भारताने या दिशेने एक पाऊल टाकलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि आधीपासून बसवलेली गुगलची अ‍ॅप्स काढू द्यावीत असंही सांगितलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण अ‍ॅप्स काढू देण्याचा निर्देश रद्द केला. तो आदेश मोबाइलपुरता होता. डेस्कटॉपसाठी मागणी याहून साधी आहे, कारण युरोपातल्या ग्राहकांसाठी ती सोय लिहून, तपासून तयार आहे: भारत हा प्रदेश निवडलेल्या संगणकावरही एजसमोरचा ‘अनइन्स्टॉल’ चालू करा, इंजिन जागेवर राहू द्या, आणि काढताना डेटा ठेवायचा की पुसायचा हे स्पष्ट विचारा.