चंद्रावरचा 'ऑटो'

दोस्तांनो, फैजपूरच्या केळीच्या बागांत रात्री-अपरात्री विहिरीवरची मोटार आपोआप सुरू झालेली तुम्ही पाहिली असेल. लाइट आली, की स्टार्टरला जोडलेला 'ऑटो' मोटार चालू करतो. अंधारात शेतात जायची कटकट नाही! पण साध्या ऑटोला एवढंच कळतं, लाइट आली की मोटार लावायची. विहिरीत पाणी आहे का, हे तो बघत नाही. विहीर आटलेली असली, तर मोटार जळायची भीती!

आता असा 'ऑटो' चंद्रावर उतरणाऱ्या यानात बसवायचा असेल तर?

तुम्ही म्हणाल, ''बंगळुरूला बसून शास्त्रज्ञच का नाही यान उतरवत?'' चला, गणित करू. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर. यानाची खबर इथे यायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. आपला हुकूम तिथे पोचायला पुन्हा तेवढाच. झाले अडीच सेकंद! चांद्रयान-३चा 'विक्रम' उतरायला लागला, तेव्हा त्याचा वेग होता सेकंदाला सुमारे १.६८ किलोमीटर. म्हणजे आपण 'सांभाळ' म्हणेपर्यंत तो चार किलोमीटर पुढे! म्हणून शेवटची सुमारे १९ मिनिटं सगळा कारभार यानातल्या संगणकाकडे होता.

हे सोपं नाही, बरं का! ७ सप्टेंबर २०१९ला चांद्रयान-२चा विक्रम चंद्रावर आदळला. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चुका साठत गेल्या आणि त्या सावरायला यानाला जितक्या लवकर वळायला हवं होतं, तितकं वळायची मुभा सॉफ्टवेअरमध्ये नव्हती.

शास्त्रज्ञ खचले नाहीत. त्यांनी प्रश्नच बदलला. 'सगळं नीट झालं तर' याऐवजी 'काय काय बिघडू शकेल?' एखादा सेन्सर बंद पडला तर? इंजिन रुसलं तर? अशा प्रसंगांची तयारी आधीच करून ठेवली. उतरायची जागाही ५०० मीटर बाय ५०० मीटरवरून ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. २३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम अलगद उतरला. त्याआधी जमिनीपासून सुमारे १५० मीटरवर क्षणभर तरंगत त्याने कॅमेऱ्याने दगडधोंडे, खड्डे तपासले होते!

याच्याही पुढची गंमत मे १९९९मध्ये झाली. अमेरिकेच्या 'डीप स्पेस १' यानात 'रिमोट एजंट' नावाची प्रणाली होती. तिला फक्त काय साधायचं ते सांगायचं. कसं, ते ती स्वतः ठरवी. शास्त्रज्ञांनी मुद्दाम खोटा बिघाड रचला, कॅमेऱ्याचा स्विच बंदच होत नाही असा! तिने तो ओळखून नवी योजना आखली. पण हीच हुशार प्रणाली एकदा अडकलीसुद्धा. तिचे दोन भाग एकमेकांची वाट बघत बसले. 'आधी तुम्ही', 'नाही, आधी तुम्ही'! ही खोट पृथ्वीवरच्या चाचण्यांत सापडलीच नव्हती.

म्हणजे यंत्र कितीही शहाणं असो, आधी विचार माणसालाच करावा लागतो. आज बाबांना किंवा आजोबांना विचारून मोटारीच्या ऑटोचं काय काय बिघडू शकेल, याची यादी करा. स्टार्टरला हात न लावता, हं! यान चालवणाऱ्यांचं काम अशाच यादीने सुरू होतं.