पडद्यावरचा डाकू, पायी फिरणारा खासदार

डिसेंबर १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघातून काँग्रेसने अभिनेते सुनील दत्त यांना उभं केलं, तेव्हा समोर नामवंत वकील राम जेठमलानी होते. हा गडी साधा नव्हता. १९७७ मध्ये याच मतदारसंघात त्यांनी केंद्रीय कायदामंत्री एच. आर. गोखले यांना धूळ चारली होती आणि १९८० मध्ये इंदिरा गांधी दणक्यात परतल्या तरी जेठमलानींनी जागा सोडली नव्हती. बोलण्यात त्यांचा हात धरणारा देशात शोधून सापडला नसता. दत्त यांचं भाषण म्हणजे घरगुती बोलणं. आवाज चढायचाही नाही. तरी निवडणूक दत्तच जिंकले.

इंदिराजींच्या हत्येनंतरची सहानुभूतीची लाट होती, हे खरंच. राजीव गांधींनी त्या वेळी अलाहाबादला अमिताभ बच्चन आणि दक्षिण मद्रासला वैजयंतीमाला यांनाही उतरवलं होतं आणि दोघंही निवडून आले. दत्त हे त्याच लाटेवरचं आणखी एक नाव, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर त्यात चूक काढता आली नसती. पण अमिताभ यांनी तीन वर्षांत राजीनामा देऊन राजकारणाला रामराम ठोकला. दत्त मात्र १९८९ मध्ये, काँग्रेसने केंद्रातली सत्ता गमावली तेव्हाही, निवडून आले. मग १९९१, १९९९ आणि २००४. पाच निवडणुका काही एका लाटेवर निघत नाहीत.

दक्षिणेत नटांच्या मतांचा हिशेब वेगळा असतो. एम. जी. रामचंद्रन पडद्यावर दारू-सिगारेटला शिवायचे नाहीत. गरिबांचा कैवारी ही प्रतिमा त्यांनी वर्षानुवर्षं जपली आणि निवडणुकीत तीच कामाला आली. एन. टी. रामाराव यांनी राम-कृष्ण इतक्या वेळा रंगवले की लोक त्यांना हात जोडू लागले. मार्च १९८२ मध्ये त्यांनी तेलुगू देसम पक्ष काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रात पडद्यावरच्या लोकप्रियतेची अशी नगद मतं होत नाहीत. दादा कोंडक्यांनी शिवसेनेच्या सभा हाऊसफुल्ल केल्या, पण आमदार-खासदार काही ते झाले नाहीत. आणि सुनील दत्त यांनी पडद्यावर काय केलं होतं? दरोडे घातले, लग्न झालेल्या प्रेयसीच्या संसारात घुटमळले, शेजारणीला पटवण्यासाठी दुसऱ्याच्या गळ्याने गाणी म्हटली. जाहीरनाम्यात घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांना मतं मिळाली ती बाहेरच्या कमाईवर, असं माझं मत आहे. त्या कमाईची सुरुवात मुंबईपासून फार लांब झाली होती.

६ जून १९२९ ला झेलम जिल्ह्यातल्या खुर्द गावी बलराज दत्त यांचा जन्म झाला. पाच वर्षांचे असताना वडील गेले. फाळणी झाली तेव्हा वय अठरा. त्या दिवसांत वडिलांच्या याकूब नावाच्या एका मुसलमान मित्राने या कुटुंबाला आसरा दिला आणि सुखरूप बाहेर काढलं. पुढे आयुष्यभर, धर्माच्या नावाने डोकी फुटत असताना दत्त ही आठवण सांगत राहिले. त्यांची या विषयावरची भूमिका कुठल्या ग्रंथातून आलेली नव्हती. आपण जिवंत आहोत ते कुणामुळे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. यमुनेकाठच्या मंडौली गावात निर्वासित म्हणून काही काळ, मग लखनौ, आणि शेवटी मुंबई.

मुंबईत जय हिंद कॉलेज आणि पोटासाठी बेस्टच्या डेपोत नोकरी. आवाज चांगला, उर्दू-हिंदी स्वच्छ, त्यामुळे रेडिओ सिलोनचं काम मिळालं. 'लिप्टन की महफिल' या कार्यक्रमात ते सिनेमातल्या बड्या मंडळींच्या मुलाखती घेत. नर्गिस समोर आल्या तेव्हा या मुलाखतकाराची जीभ टाळ्याला चिकटली, ही आठवण ते स्वतःच रंगवून सांगायचे. दिग्दर्शक रमेश सैगल यांनी 'रेल्वे प्लॅटफॉर्म' (१९५५) मध्ये नायक केलं. बलराज साहनी आधीच गाजत होते, घोळ नको म्हणून बलराजचा सुनील झाला.

'मदर इंडिया' (१९५७) ची कथा बहुतेकांना पाठ आहे, म्हणून लांबवत नाही. मेहबूब खानांना बिरजूसाठी आधी दिलीपकुमार हवे होते, हॉलिवूडमध्ये नाव कमावलेल्या साबूचाही विचार झाला होता. भूमिका आली ती या नवख्याकडे. १ मार्च १९५७ ला गुजरातेत चित्रीकरण चालू असताना पेटवलेल्या गंजींची आग वाऱ्याने भलतीकडे गेली आणि नर्गिस आत अडकल्या. दत्त आत घुसले आणि त्यांना घेऊन बाहेर आले. दोघंही भाजले. ११ मार्च १९५८ ला लग्न झालं. पडद्यावर आई-मुलगा असलेल्या जोडीचं लग्न ही बातमी सिनेमा चालू असताना फुटली तर धंद्यावर परिणाम होईल, या भीतीने ती दाबून ठेवावी लागली होती. चित्रपट पुढे ऑस्करच्या अंतिम नामांकनापर्यंत गेला, तिथवर पोचलेला पहिला भारतीय चित्रपट.

बिरजूनंतर कुणीही तसलेच रांगडे बंडखोर रंगवत बसला असता. दत्त मात्र लगेच बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त (१९५९) मृदू, वाचनवेडा अधीर झाले, अस्पृश्य मुलीशी लग्न करायला निघालेला ब्राह्मण तरुण. नूतनच्या डोळ्यांपुढे कुणाचाच निभाव लागत नाही, तिथे अधीर तरी काय करणार; पण त्या भूमिकेत त्यांनी स्वतःला मागे ठेवलं आहे, आणि नायकाला हे जमणं अवघड असतं. मराठी वाचकाला जवळचा वाटेल तो 'मेरा साया' (१९६६). राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'वरून तो बेतला होता. काशिनाथ घाणेकरांची वकिलाची भूमिका हिंदीत दत्त यांच्याकडे आली. दोन्ही लागोपाठ पाहावेत. घाणेकर आतून धुमसतात, दत्त आधी दुःख करतात आणि मग चिडतात. मला घाणेकर अधिक पटतात, पण हिंदीतलं ते दुःखही खोटं नाही. 'वक्त', 'हमराज', 'मिलन' हे त्याच काळातले तिकीटबारीवरचे चित्रपट. 'खानदान'साठी फिल्मफेअरही मिळालं. 'पडोसन'मध्ये (१९६८) किशोरकुमार आणि मेहमूद यांच्यामधे उभं राहून त्यांनी बावळट भोला केला. इतर दोघांना मोकळं रान द्यायचं आणि आपण हसं करून घ्यायचं, एवढंच काम होतं. ते त्यांनी चोख केलं.

पण माणूस कळतो तो 'अजंठा आर्ट्स' या त्यांच्या स्वतःच्या संस्थेच्या चित्रपटांतून. 'मुझे जीने दो' (१९६३) चं चित्रीकरण चंबळच्या खोऱ्यात, पोलीस बंदोबस्तात झालं. त्याच्या तीनच वर्षं आधी, १९६० मध्ये, त्याच भागात पायी फिरणाऱ्या विनोबांपुढे काही डाकूंनी शस्त्रं ठेवली होती. दत्त यांचा जर्नैलसिंग हा क्रूर डाकू कोठ्यावरून उचलून आणलेल्या बाईच्या प्रेमात पडतो, बाप होतो आणि मग त्याला जगायचं असतं. उत्कृष्ट अभिनयाचं पहिलं फिल्मफेअर त्यांना याच भूमिकेसाठी मिळालं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते धाडस म्हणावं की वेडेपणा? 'यादें' (१९६४) या चित्रपटात एकच नट आहे, ते स्वतः. दिग्दर्शनही पहिल्यांदाच केलेलं. नायक रात्री घरी येतो, बायको-मुलं जागेवर नाहीत. ती आपल्याला सोडून गेली असं तो धरून चालतो आणि पुढे चित्रपटभर एकटाच बोलतो, भांडतो, आठवतो. घरातल्या पार्टीचा प्रसंग आहे, पण पाहुणे म्हणून माणसं नाहीतच. मारिओ मिरांडांनी काढलेली व्यंगचित्रं आहेत आणि मागून आवाज येतात. गोव्याचे मारिओ हिंदी पडद्यावर असे येऊन गेले, हे पुष्कळांना ठाऊक नाही. संगीत आपल्या वसंत देसाईंचं. बायको शेवटी येते, तीही फक्त सावली म्हणून, आणि ती सावली नर्गिस यांची आहे. गिनेस बुकात या चित्रपटाची नोंद झाली. तिकीटबारीवर मात्र झाली नाही. सलग पाहताना मधल्या भागात कंटाळा येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी कृष्णधवल छायाचित्रणातला उजेड-अंधाराचा खेळ अजून शिळा झालेला नाही.

'रेश्मा और शेरा' (१९७१) या दुसऱ्या धाडसाने तर घर गहाण पडायची वेळ आणली. जैसलमेरजवळच्या वाळवंटात सगळं युनिट तंबू ठोकून राहिलं. वहिदा रहमान, संगीतकार जयदेव आणि छायाचित्रकार रामचंद्र या तिघांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. अमिताभ बच्चन यात मुका आहे. ज्याचा आवाज पुढे देशभर गाजला त्याला मुकं ठेवणारा दिग्दर्शक, म्हणून दत्त यांची थट्टा होत राहिली. विनोद खन्नांना तर त्यांनीच 'मन का मीत'मधून आणलं होतं; तेही पुढे खासदार झाले. कर्ज फेडायला नंतरच्या वर्षांत मिळतील ते चित्रपट करावे लागले. 'प्राण जाए पर वचन न जाए', 'नागिन', 'जानी दुश्मन' ही नावं त्या यादीतली. काही चालले, काही पाहवत नाहीत.

सीमेवरच्या जवानांसाठी करमणुकीचे कार्यक्रम करायला अजंठा आर्ट्सचं पथक साठच्या दशकापासून जात होतं, नर्गिस बरोबर असत. समाजकार्याची ओढ दोघांपैकी नर्गिस यांची मोठी होती. १९८० मध्ये त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि त्याच सुमारास स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. न्यूयॉर्कला दीर्घ उपचार झाले. ३ मे १९८१ ला त्या गेल्या. दत्त यांनीच दिग्दर्शित केलेला, मुलगा संजयचा पहिला चित्रपट 'रॉकी' काही दिवसांवर आला होता. प्रीमियर रद्द झाला नाही. नर्गिस यांची खुर्ची रिकामी ठेवण्यात आली. पुढच्या वर्षी 'दर्द का रिश्ता' आला, कर्करोग झालेल्या मुलीची गोष्ट. स्मिता पाटील त्यात डॉक्टर आहे. नर्गिस दत्त फाउंडेशन उभं राहिलं. मुंबईचं नगरपालपद, म्हणजे शेरीफचं पदही, त्यांच्याकडे याच सुमारास आलं. राजकारणात ते आले ते या वाटेने, इस्पितळाच्या दारातून.

खासदार झाल्यावर त्यांनी संसद गाजवली नाही. पक्षातल्या गटबाजीत त्यांना गती नव्हती, इच्छाही नसावी. त्यांनी एकच गोष्ट सातत्याने केली, ती म्हणजे चालणं. १९८७ मध्ये पंजाब पेटलेला असताना मुंबईहून अमृतसरच्या सुवर्णमंदिराकडे ते निघाले, सुमारे दोन हजार किलोमीटर, ७८ दिवस. सोबत मुलगी प्रिया आणि कार्यकर्त्यांचा जथा. वय सत्तावन्न. तळपायाला फोड, ताप, रस्त्यावरच मलमपट्टी. ऑपरेशन ब्लू स्टार आणि दिल्लीतलं शीखांचं हत्याकांड यानंतर काँग्रेसच्या खासदाराने पंजाबात पायी शिरायचं म्हणजे जिवाशी खेळ होता. अशा यात्रेने दहशतवाद संपत नाही, त्यांनाही तसा भ्रम नसणार. पुढच्या वर्षी नागासाकी ते हिरोशिमा चालले, अण्वस्त्रांच्या विरोधात.

मग डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ आले. मुंबईच्या दंगलींत त्यांच्या मतदारसंघातला बेहरामपाडाही होरपळला. दत्त मदत घेऊन वस्त्यांमध्ये फिरत होते. सरकारही त्यांच्याच पक्षाचं आणि बघ्याची भूमिका घेणारंही तेच. त्यांनी खासदारकीचा राजीनामा सादर केला. मुसलमानांची बाजू घेतो म्हणून घरी धमक्या येत होत्या. आणि एप्रिल १९९३ मध्ये मॉरिशसहून परतलेल्या संजयला विमानतळावर अटक झाली. एके-५६ बाळगल्याची कबुली त्याने दिली होती. घरच्यांच्या रक्षणासाठी घेतली, हे त्याचं म्हणणं. ज्या बापाने लोकांना शस्त्रं टाका म्हणून देश पायी तुडवला, त्याच्या घरात ही रायफल निघावी!

यानंतरचे दत्त पाहणं अवघड होतं. मुलाच्या जामिनासाठी ते दारोदार फिरले. पक्षातल्या लोकांनी तोंड फिरवलं आणि ज्यांच्या राजकारणाविरुद्ध ते उभे होते त्या बाळासाहेब ठाकऱ्यांकडे, 'मातोश्री'वर, त्यांना जावं लागलं. बाळासाहेबांनी संजयची बाजू घेतली. ऑक्टोबर १९९५ मध्ये जामीन झाला. दत्त यांनी तत्त्वाला मुरड घातली अशी टीका झाली, तिच्यात तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. त्यांचे दंगलग्रस्त मतदार मात्र त्यांच्यावर रुसले नाहीत. १९९६ आणि १९९८ ला ते उभे राहिले नाहीत, शिवसेनेचे मधुकर सरपोतदार निवडून आले. १९९९ ला दत्त परतले आणि त्यांनी सरपोतदारांना हरवलं. २००४ ला शिवसेनेच्या संजय निरुपम यांना.

मधे 'मुन्नाभाई एमबीबीएस' (२००३) झाला होता. नागपूरच्या राजकुमार हिरानींनी त्यांना बऱ्याच वर्षांनी कॅमेऱ्यापुढे आणलं आणि बाप-लेक प्रथमच समोरासमोर उभे राहिले. मुलगा डॉक्टर नसून गुंड आहे हे कळल्यावर बापाचा चेहरा पडतो, तो प्रसंग पुन्हा पाहा. त्यात संवाद मोजके आहेत, दत्त यांनी तो बहुतेक खांद्यांनी केला आहे. शेवटी बाप मुलाला मिठी मारतो. प्रेक्षकांना कोर्टातल्या तारखा ठाऊक होत्या, त्यामुळे ही मिठी कथेतली राहिली नाही.

मे २००४ मध्ये मनमोहनसिंग सरकारात त्यांना युवक कल्याण आणि क्रीडा खातं मिळालं, पाचव्यांदा निवडून आल्यावर पहिलं मंत्रिपद. जेमतेम वर्ष झालं असेल. २५ मे २००५ ला वांद्र्याच्या घरी झोपेतच हृदयविकाराने ते गेले. पोटनिवडणुकीत काँग्रेसने प्रिया दत्त यांना उभं केलं, समोर पुन्हा सरपोतदार होते. प्रिया जिंकल्या. २००४ मध्येच शेजारच्या उत्तर मुंबईतून राम नाईकांना पाडून गोविंदाही लोकसभेत गेला होता. नाव त्याचं केवढं मोठं, पण मतदारसंघात दिसायचाच नाही अशी ओरड झाली आणि २००९ ला तो उभाच राहिला नाही.