‘डॉक्टर नो’ची ध्वनिमुद्रिका : नावे आणि सूर

संगीतप्रकाराचे नाव ही भाषेतील एक संज्ञाच होय. ती संज्ञा मूळ भूमी सोडून बाजारात आली म्हणजे तिच्या अर्थाची कक्षा कशी बदलते, याचे एक बोधप्रद उदाहरण ‘डॉक्टर नो’ या हेरपटाच्या ध्वनिमुद्रिकेत आढळते. जेम्स बाँड मालिकेतील हा पहिला चित्रपट. त्याचे काही चित्रण १९६२च्या आरंभी जमैका बेटावर झाले. त्याच वर्षी ६ ऑगस्ट रोजी जमैका स्वतंत्र झाला आणि ५ ऑक्टोबर रोजी चित्रपट लंडनमध्ये प्रथम दाखविण्यात आला.

संगीतरचना लंडनचा मॉन्टी नॉर्मन याची. वादनात जमैकातील बायरन ली अँड द ड्रॅगनेअर्स हा वाद्यवृंद. आरंभी आंधळ्यांचे सोंग घेतलेले तीन मारेकरी रस्त्याने चालत येतात. त्या वेळी ऐकू येणाऱ्या गीताचे नाव ‘किंग्स्टन कॅलिप्सो’. त्याचा पाया आहे तीन आंधळ्या उंदरांचे इंग्रजी बालगीत. या शीर्षकातच एक विसंगती आहे. किंग्स्टन ही जमैकाची राजधानी. कॅलिप्सो मात्र तेथून सुमारे १८०० किलोमीटर दूर असलेल्या त्रिनिदादचा गानप्रकार. तेथील जुना शब्द ‘काइसो’ असून तो पश्चिम आफ्रिकी भाषांतून आला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ग्रीक पुराणातील कॅलिप्सो या अप्सरेशी असलेले साम्य केवळ ध्वनीचे होय. जमैकाचा स्वतःचा लोकप्रकार म्हणजे ‘मेंटो’. बँजो, गिटार आणि पेटीसारखी ‘रुंबा बॉक्स’ ही त्याची वाद्ये. त्या सुमारास ‘स्का’ हा नवा प्रकारही तेथे आकार घेत होता. परंतु १९५६ साली हॅरी बेलाफाँटे याच्या ‘कॅलिप्सो’ या ध्वनिमुद्रिकेने अमाप लोकप्रियता मिळविल्यानंतर त्या समुद्रातील सर्व बेटांचे संगीत परक्या ग्राहकास याच एका नावाने ओळखता येऊ लागले. वस्तुतः त्या मुद्रिकेतील सर्वांत प्रसिद्ध गीत जमैकातील केळी वाहणाऱ्या मजुरांचे श्रमगीत होते.

याच मुद्रिकेतील दुसरा धागा थेट भारताशी जुळतो. १८४५ ते १९१७ या काळात १,४०,००० हून अधिक भारतीय मजूर करारबद्ध होऊन त्रिनिदादला गेले. त्यांतील बहुसंख्य भोजपुरी-अवधी प्रदेशातील होते. त्यांच्याच वंशातील व्ही. एस. नायपॉल यांची ‘अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास’ ही कादंबरी १९६१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरील एका नियोजित संगीतिकेसाठी नॉर्मनने एक गीत रचले होते. अशुभ शिंक जन्मापासून मागे लागलेल्या माणसाचे ते मनोगत. शिंकेचा अपशकुन मराठी वाचकास समजावून सांगण्याची गरज नाही. संगीतिका रंगभूमीवर आली नाही. नॉर्मनने तीच चाल बाँडसाठी घेतली. जॉन बॅरी याने तिचे वाद्यवृंदासाठी रूपांतर केले आणि व्हिक फ्लिक याने ती विद्युत्-गिटारवर वाजविली. शब्द गळून पडले, सतारीची छाया असलेली चाल उरली. पुढे तिच्या कर्तृत्वाविषयी वाद उद्भवला. तो न्यायालयात गेला आणि २००१ साली लंडनच्या ज्यूरीने नॉर्मनच्या बाजूने निर्णय देऊन त्याला ३०,००० पौंड नुकसानभरपाई मंजूर केली.

रचनाकाराचा हक्क न्यायालयात सिद्ध करता येतो. लोकप्रकाराच्या नावासाठी असे न्यायालय नाही. हा प्रश्न केवळ दूरच्या बेटांचा नव्हे. अंबरनाथजवळील मोरिवली, बदलापूर या परिसरापासून रायगडपर्यंत आगरी लग्नांत धवलारीण जे धवले गाते, ते विधीशी बांधलेले असतात. कोळीगीतांचा संसार निराळा, समुद्राशी निगडित. तथापि बाजारात ‘आगरी-कोळी गीते’ ही एकच चिठ्ठी पुष्कळदा दोहोंवर डकविली जाते. अशी चिठ्ठी श्रोत्यास सोयीची असली, तरी तिच्याखाली धवल्याचे वेगळेपण झाकले जाते. म्हणून गाणे नोंदविताना गाणारी व्यक्ती त्यास कोणत्या नावाने संबोधिते आणि ते कोणत्या प्रसंगी गाते, हे प्रथम टिपून ठेवणे अगत्याचे आहे.