पिवळ्या मार्गावरची पंचवीस मिनिटे

रविवारी, १० ऑगस्ट २०२५ रोजी, पंतप्रधानांनी बेंगळुरूत हिरवे निशाण दाखवले तेव्हा आपल्याकडच्या वृत्तपत्रांचे सारे लक्ष साहजिकच त्याच मुहूर्तावर सुटलेल्या नागपूर-पुणे वंदे भारत गाडीकडे होते, आणि बेळगावकरांचे त्यांच्या वाट्याला आलेल्या बेंगळुरू गाडीकडे. पण मोठ्या कामांची वेळापत्रके कशी मांडतात आणि ती कुठे अडखळतात याचे ज्याला कुतूहल आहे, त्याच्या दृष्टीने त्या दिवसाची खरी वार्ता ‘नम्म मेट्रो’च्या पिवळ्या मार्गाची होती. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र हा १९.१५ किलोमीटरांचा, १६ स्थानकांचा, सुमारे ७,१६० कोटी रुपये खर्चाचा मार्ग अवघ्या तीन गाड्यांनिशी सुरू झाला.

त्यानंतरच्या बुधवारी सायंकाळी मी याच मार्गावरच्या इलेक्ट्रॉनिक सिटी स्थानकाच्या फलाटावर पोचलो आणि डोळ्यांदेखत दारे मिटून गाडी निघून गेली. “इन्नू इप्पत्तु निमिष, सर,” फलाटावरचा पहारेकरी कन्नडमध्ये म्हणाला. अजून वीस मिनिटे, आणि तीही त्याने भिडेखातर पाच कमी करून सांगितली असावीत. मग करण्यासारखे दुसरे काही नसल्यामुळे मी तिकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. तीन गाड्या तेव्हा दर २५ मिनिटांनी सुटत होत्या, म्हणजे एक गाडी जाऊन-येऊन पुन्हा जागेवर यायला ७५ मिनिटे लागत होती. चौथी आली तर अंतर १९ मिनिटांवर येईल, पाचवी आली तर १५ वर, आणि दर पाच मिनिटांनी गाडी हवी असेल तर १५ गाड्या लागतील. पिवळ्या मार्गाच्या वाट्याला मुक्रर केलेल्या गाड्याही नेमक्या १५ च होत्या. त्यातल्या १२ तेव्हा अजून यायच्या होत्या, इतकेच!

घोडे पेंड खाते ते इथे. पिवळ्या मार्गाच्या गाड्या धरून २१६ डब्यांचा ठेका २०१९ मध्ये एका चिनी कंपनीला दिला गेला, त्यातले बहुतेक डबे हिंदुस्थानातच बांधण्याची अट होती. पुढच्याच वर्षी महामारी आली, गलवानचा रक्तपात झाला, चिनी भांडवलावर निर्बंध आले, आणि अखेरीस बंगालमधल्या तितागढ कंपनीच्या कारखान्याशी भागीदारी जुळेपर्यंत वर्षे निघून गेली. चीनमध्ये बांधलेली पहिली गाडी समुद्रमार्गे चेन्नईस उतरून हेब्बगोडीच्या कारशेडमध्ये आली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणि बंगालमधून पहिली गाडी रवाना झाली ती जानेवारी २०२५ मध्ये. जांभळ्या किंवा हिरव्या मार्गावरून चार गाड्या उसन्या आणाव्यात, असे आपल्यासारख्या संसारी माणसास सुचते; परंतु त्या मार्गांची संकेतयंत्रणा वेगळ्या पद्धतीची, पिवळ्या मार्गाची चालकाविनाही गाडी चालवू शकणारी नवी, त्यामुळे शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा हा व्यवहार होत नाही.

वेळापत्रकाच्या शास्त्रातला मूळ दोष इथे उघडा पडतो. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत जन्मली, कोणते काम कोणत्या कामानंतर, एवढे ती फार सुरेख सांगते. पण ती कामे करणारे हात किती, हा प्रश्न मूळ आकृतीत नाही. लग्नघरी मसालेभात आणि जिलेबी ही एकमेकांवर अवलंबून नसलेली कामे म्हणून कागदावर शेजारीशेजारी मांडता येतात. भट्टी एकच असेल तर त्यांतले एक थांबणारच. मग दोनच तजविजी उरतात: ज्या कामांना सवड आहे ती आपापल्या सवडीत मागेपुढे सरकवून मुहूर्त सांभाळायचा, किंवा सवड संपली की मुहूर्तच पुढे ढकलायचा.

या विषयावर ज्यांच्या लेखनाचे मला किंचित पक्षपाती म्हणावे असे प्रेम आहे, ते एलियाहू गोल्डरॅट हे इस्रायली पदार्थविज्ञानवेत्ते कारखानदारीच्या प्रश्नात शिरले आणि १९८४ साली त्यांनी ‘द गोल’ हा ग्रंथ चक्क कादंबरीच्या रूपात लिहिला. त्यात बालवीरांची एक पदयात्रा आहे, आणि हर्बी नावाचा एक स्थूल, संथ मुलगा, ज्याच्यामुळे रांग तुटत राहते. पुढची पोरे कितीही धावली तरी मुक्कामाला पोचण्याची वेळ हर्बीच ठरवतो. त्याला ओरडून उपयोग होत नाही. उपाय असा निघतो की त्यालाच रांगेच्या अग्रभागी उभे करायचे आणि त्याच्या पाठीवरचे ओझे इतरांनी वाटून घ्यायचे. १९९७ च्या ‘क्रिटिकल चेन’मध्ये त्यांनी हाच विचार प्रकल्पांस लावला: टंचाईच्या साधनाभोवती कामांची साखळी गुंफा, आणि प्रत्येक जण आपल्या कामाच्या मुदतीत जी गुपचूप सवड दडवून ठेवतो, ती काढून घेऊन शेवटी एकत्र ठेवा. आपल्या सरकारी दप्तरांत हे दुसरे कधी घडेल, याबद्दल मी साशंक आहे.

पिवळ्या मार्गाचा हर्बी म्हणजे गाडी. खांब आणि रूळ हे पुढे धावलेले पोरगे. अर्थात याच शहरात मेट्रोच्याच मंडळींनी उलट उदाहरणही घालून दिले आहे. गुलाबी मार्गाचा १३.७६ किलोमीटरांचा भाग भुयारी आहे. दुहेरी बोगदे धरता सुमारे २१ किलोमीटरांचे खोदकाम बोगदा खणणाऱ्या नऊ यंत्रांत वाटून दिले होते. एक यंत्र एका स्थानकाच्या खड्ड्यातून बाहेर पडले की त्याचे भाग सुटे करून, पुढच्या खड्ड्यात उतरवून, पुन्हा जुळवायचे. तेव्हा कोणता खड्डा आधी खणायचा हे यंत्राच्या येण्यावर ठरते. त्यांतल्या ‘ऊर्जा’ नावाच्या यंत्राने सप्टेंबर २०२१ मध्ये शिवाजीनगरास पहिला दगड फोडून डोके बाहेर काढले आणि ‘तुंगा’ने ३० ऑक्टोबर २०२४ ला नागवारास शेवटचे. विलंब तिथेही झालेच. पण तिथे टंचाई कोणत्या वस्तूची आहे हे पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक होते.

तीन गाड्यांवर मार्ग उघडला म्हणून जे नाके मुरडतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. ७,१६० कोटींचे बांधकाम आणखी सहा महिने पावसात भिजत ठेवण्यापेक्षा २५ मिनिटे परवडतात. माझी तक्रार आधीची आहे. त्याच रविवारी मेट्रोच्या तिसऱ्या टप्प्याची कोनशिलाही बसली: ४४.६५ किलोमीटर, १५,६१० कोटी रुपये. त्या मार्गाचा पहिला खांब रोवण्याआधी त्याच्या डब्यांची मागणी कोणी, कुठे आणि किती मुदतीच्या करारावर नोंदवली, हे कोनशिलेवर कोरण्याची वहिवाट नाही.

गाडी आली तेव्हा फलाटावर तीन रांगांची एक रांग झाली होती. पहारेकऱ्याने हात आडवा धरून उतरणाऱ्यांना वाट करून दिली, आणि त्याच हाताने मला खूण केली की पुढच्या गाडीने या.