कंटाळ्यावर उतारा

दिवाळीची सुटी लागली की घरातल्या संगणकापाशी बसलेल्या मुलाच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते : "काही खेळावेसेच वाटत नाही!" आईला वाटते, बरे झाले, पीडा टळली. वडील म्हणतात, मग पुस्तक उघड. पण ज्याला खेळाची खरी आवड आहे, त्याचा हा कंटाळा म्हणजे भरल्या ताटावर बसून घास न उतरण्यासारखा प्रकार असतो. अशा माणसाला आणखी एक वाटी श्रीखंड वाढून काय होणार?

माझी पन्नाशी उलटली, तरी व्हिडिओ गेमचा नाद काही सुटलेला नाही. त्यामुळे नात्यातली नि शेजारपाजारची मुले, आणि अलीकडे त्यांचे आईबापसुद्धा, माझ्याकडे सल्ला मागायला येतात. "काका, नेमबाजीचा एखादा चांगला खेळ सांगा ना," किंवा "डावपेचांचा सांगा," अशी मागणी असते. मी एकदम यादी देत नाही. नाडी पाहिल्यावाचून वैद्य पुडी बांधत नाही, तसे मी आधी तीन प्रश्न विचारतो. शेवटी मन लावून कोणता खेळ खेळलास? तो सोडलास तेव्हा डावात काय चालले होते? आणि खेळत होतास कुणाबरोबर?

एवढ्या उत्तरांवरून कंटाळा कशाचा आहे ते बहुधा कळते. माझ्या अनुभवात त्याचे तीन प्रकार आहेत : हाताचा, डोक्याचा आणि सोबतीचा. प्रत्येकावरचा उतारा निराळा. आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर पैसे मात्र फुकट जातात.

हाताचा कंटाळा

हा बहुतेक नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्यांना होतो. ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : ह्यांत पडद्यावर नायक दिसत नाही. त्याचे डोळे तेच आपले डोळे. खाली बंदुकीचे टोक तेवढे दिसते आणि समोरून संकट चालून येते. हा प्रकार जगभर लोकप्रिय केला तो 'डूम' ह्या खेळाने. अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअर ह्या छोट्या मंडळीने तो डिसेंबर 1993 मध्ये काढला. पहिला भाग फुकट वाटायचा आणि गोडी लागली की पुढचे भाग विकत घ्यायला लावायचे, असा त्यांचा व्यवहार होता. मी तो प्रथम पाहिला एका संगणकाच्या शिकवणीवर्गात. मास्तर बाहेर गेले की सगळा वर्ग एकाच पडद्याभोवती गोळा होई.

पुढे ह्या खेळांना एक ठरावीक वळण लागले. भिंतीआड बसायचे, डोके काढून दोन गोळ्या झाडायच्या, जखम झाली की पुन्हा आड बसून ती आपोआप भरून येण्याची वाट पाहायची. दहा खेळ असे खेळले की अकराव्यात हात आपोआप चालतात आणि मन दुसरीकडे भटकते. कंटाळा येतो तो इथे.

अशा खेळाडूला मी पहिल्यांदा 'डूम'चीच 2016 साली निघालेली नवी आवृत्ती सांगतो. तिच्यात जखमी झाल्यावर लपून भागत नाही. अर्धमेल्या शत्रूच्या थेट अंगावर जाऊन त्याला संपवले, तर आपली शक्ती भरून येते. म्हणजे जीव वाचवायचा तर मागे नव्हे, पुढे धावायचे! इतक्या वर्षांची सवय एका नियमाने उलटी होते आणि झोपलेले हात खडबडून जागे होतात. मात्र रक्तपात भरपूर आहे. हा खेळ मोठ्या माणसांचा, मुलांचा नव्हे.

दुसरा उतारा 'सुपरहॉट'. 2016 सालचा हा खेळ पोलंडमधल्या एका छोट्या चमूने केला. पांढऱ्या खोल्या, लाल माणसे आणि एकच विलक्षण नियम : तुम्ही हललात तरच काळ पुढे सरकतो. स्थिर उभे राहिलात की सुटलेली गोळी हवेत जवळजवळ थांबते. डाव्या अंगाला सरकावे की समोरच्याच्या हातातली बंदूक हिसकावावी, ह्याचा विचार करायला हवा तितका वेळ मिळतो. ज्यांची बोटे तरुण मुलांइतकी चपळ राहिलेली नाहीत अशा माझ्यासारख्यांना तर हा खेळ म्हणजे वरदानच!

आणि गोळ्यांचाच वीट आला असेल तर 'पोर्टल'. व्हॉल्व्ह कंपनीचा हा खेळ 2007 सालचा. हातात बंदूक आहे, पण तिच्यातून गोळी सुटत नाही. भिंतीवर दार उघडते. एक दार इथे, दुसरे तिथे. एकातून आत शिरलात की दुसऱ्यातून बाहेर. उंचावरून खालच्या दारात उडी टाकली तर त्याच वेगाने समोरच्या भिंतीतून बाहेर फेकले जाता आणि मधली दरी ओलांडता. बंदूक धरायची सवय तीच, पण डोके भूमितीचे लागते. खेळ चारपाच तासांत संपतो. कंटाळलेल्या माणसाला शंभर तासांचे ओझे देऊ नये, हेही एक पथ्यच.

डोक्याचा कंटाळा

डावपेचांचे खेळ आपल्याला नवे नाहीत. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांचा चतुरंग आपल्याच देशातून इराणात गेला आणि पुढे त्याचेच जगभर बुद्धिबळ झाले. प्रशियाच्या सैन्यात तर 1824 च्या सुमारास अधिकाऱ्यांना नकाशावर ठोकळे मांडून लढाई शिकवीत. आजचे संगणकावरचे खेळ ह्याच घराण्यातले. त्यांत दोन जाती आहेत. एकीत आळीपाळीने चाली करायच्या. सिड मायर ह्यांचा 1991 सालचा 'सिव्हिलायझेशन' त्यांतला गाजलेला. इसवी सनापूर्वी 4000 पासून एका वस्तीने सुरुवात करायची आणि साम्राज्य उभे करायचे. दुसरीत दोन्ही बाजू एकदमच हालचाल करतात. घड्याळ कुणासाठी थांबत नाही. 'एज ऑफ एम्पायर्स' आणि 'स्टारक्राफ्ट' ते हे.

ह्या खेळांत कंटाळा दोन जागी दबा धरून असतो. 'सिव्हिलायझेशन'मध्ये तो शेवटी. आपण जिंकणार हे उघड दिसत असते, तरी अजून कितीतरी चाली शिल्लक असतात. 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये तो सुरुवातीला. पहिल्या दहा मिनिटांत कुणी मेंढी कापायची, कुणी लाकूड तोडायचे, हे पाढ्यांसारखे पाठ झालेले असते. दोन्हीकडे दुखणे एकच : निर्णय उरत नाही, नुसती कामे उरतात.

म्हणून मी असा खेळ देतो, ज्यात एकही चाल वाया घालवता येत नाही. 'इन्टू द ब्रीच' हा 2018 सालचा खेळ आहे. पट आठ बाय आठ घरांचा, अगदी बुद्धिबळाएवढा. तुमच्याकडे तीन यंत्रे. समोरचे राक्षसी किडे पुढच्या खेपेला कुठे घाव घालणार ते आधीच पटावर दाखवतात. मग मौज काय राहिली, असे तुम्ही विचाराल. मौज ही, की सगळे दिसत असूनही सगळे वाचवता येत नाही. किड्याला एक घर बाजूला ढकलले तर त्याचा घाव त्याच्याच भाईबंदावर बसतो. पण तेवढ्यात दुसरीकडची इमारत पडते. लढाई चारपाच खेपांत संपते. त्या चारपाच खेपांसाठी अर्धा तास डोके खाजवीत बसलेले भलेभले मी पाहिले आहेत.

दुसरा 'एक्सकॉम', 2012 सालचा. पृथ्वीवर परके चालून आले आहेत आणि मूठभर सैनिक तुमच्या हाताखाली आहेत. प्रत्येक नेमाआधी तो लागण्याची शक्यता शेकडेवारीत दिसते. 65 दिसले म्हणून हुरळून जावे आणि नेम चुकावा! मेलेला सैनिक परत येत नाही. सैनिकांना हवी ती नावे देता येतात, म्हणून आमच्या शेजारच्या मुलाने आपल्या वर्गमित्रांची नावे दिली. एके रात्री एक मित्र कामास आला, तेव्हा स्वारी जेवायला उठेना. कंटाळा कुठल्या कुठे पळाला होता!

तिसरा खेळ मी फार जपून सुचवतो. 'धिस वॉर ऑफ माइन' हा 2014 सालचा, वॉर्साच्या एका कंपनीचा. 1992 ते 1996 ह्या काळात साराजेव्हो शहराला जो वेढा पडला होता, त्यावरून तो सुचला. ह्यात तुम्ही सैनिक नाही. वेढ्यात सापडलेली काही साधी माणसे आहात. दिवसा बंदूकधाऱ्यांच्या भीतीने घराबाहेर पडता येत नाही. चूल, औषध, फुटलेली भिंत पाहायची. रात्री एकाने अन्न शोधायला जायचे. एका घरात एक म्हातारे जोडपे राहते. त्यांचे डबे भरलेले आहेत आणि ती दोघे विरोध करणार नाहीत. उचलावे की नाही? उचलले तर तुमचा माणूस पोट भरूनही दुसऱ्या दिवशी खिन्न बसून राहतो. पोलंडच्या सरकारने 2020 साली मोठ्या विद्यार्थ्यांच्या पूरक वाचनाच्या यादीत ह्या खेळाला स्थान दिले. नेमबाजीने मन बोथट झालेल्या तरुणाने तो एकदा अवश्य खेळावा.

सोबतीचा कंटाळा

हा ओळखायला सर्वांत अवघड, कारण रोगी भलतेच दुखणे सांगतो.

माझा भाचा डोंबिवलीचा, नोकरीला बंगळूरला. ताईचा एके दिवशी फोन आला. "अरे, तो कशातच रमत नाही. फोन उचलत नाही. खेळायचा, तेही सोडलंय. तुझं ऐकतो, तू बघ." मी त्याला फोन लावला. "मामा, सगळे खेळ सारखेच वाटतात. सहा घेतले, एकही तासाच्या पुढे खेळवला नाही." मी माझे तीन प्रश्न विचारले. शेवटचा मन लावून खेळलेला खेळ 'काउंटर-स्ट्राइक'. खेळ सोडला तेव्हा डाव तर जिंकत होता. आणि कुणाबरोबर? इथे तो जरा थांबला. कॉलेजचे चौघे मित्र. त्यांतल्या एकाचे लग्न झाले, एक जर्मनीला गेला, एकाला रात्रपाळी, चौथ्याने संगणकच विकला.

आता ह्या खेळाची रीत पाहा. पाच जणांचा एक संघ, समोर दुसरा. जो मरतो तो ती फेरी संपेपर्यंत परत येत नाही. जिवंत साथीदाराच्या डोळ्यांनी पुढचे पाहत बसतो. म्हणजे खेळातला बराच वेळ बसून गप्पा मारण्याचा! भाच्याला बंदुकीचा कंटाळा नव्हता. कट्टा मोडला होता. त्याला सातवा खेळ घेऊन देण्यात काय अर्थ?

मी म्हटले, "रविवारी सकाळी नऊला बस. तू नि मी एका बाजूला, संगणक दुसऱ्या." खेळ निवडला 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग. मूळ 1999 सालचा. 2019 मध्ये नव्या रूपात आला आणि 2022 पासून त्यात आपल्याकडचे द्रविड, बंगाली, गुर्जर असे संघही आहेत. तो मुद्दाम निवडला, कारण गाव वसवताना तोंड मोकळे असते. त्याने सैन्य पाहिले, मी शेती आणि लाकूडफाटा. बाजार बांधला की एकमेकांना धान्य, सोने पाठवता येते, तेव्हा मामाचे आहेर चालूच होते. तिसऱ्या रविवारी घोडेस्वार हाकता हाकता तो आपण होऊन म्हणाला, "मामा, इथे संध्याकाळी बोलायला कुणी नसतं." पाचव्या रविवारी जर्मनीचा मित्र आला. आता मला जागा मिळेलच असे नाही. पण ताईचा फोन तो उचलतो.

एक गोष्ट मात्र आईबापांना स्पष्ट सांगतो. खेळाबरोबर जेवण, झोप, माणसे ह्या सगळ्यांचाच कंटाळा आठवडेच्या आठवडे टिकला, तर तो खेळ बदलून जाणारा नव्हे. तिथे डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

थोडे पथ्यपाणी

खर्चाचे पाहा. 'बॅटल फॉर वेसनॉथ' हा चालींचा आणि 'झीरो ए. डी.' हा धावत्या घड्याळाचा, असे दोन डावपेचांचे खेळ पूर्णपणे फुकट मिळतात. दुसऱ्यात तर मौर्यांचे सैन्यही आहे. 'स्टारक्राफ्ट'चा दुसरा भाग 2017 पासून विनामूल्य खेळता येतो. स्टीम ह्या दुकानातून घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळून परत केला तर पैसे मिळतात. तेव्हा पहिले दोन तास घड्याळ लावून बसावे.

वयाचा आकडा खेळावर छापलेला असतो, तो वाचावा. लहानग्यांना नेमबाजीच हवी असेल तर निन्टेंडोच्या यंत्रावरचा 'स्प्लाटून' पाहा. त्यात गोळीऐवजी रंग उडतो आणि ज्या संघाने जास्त जमीन रंगवली तो जिंकतो. रंगपंचमीच म्हणाना!

आणि ह्या सुटीत कुणी तुमच्या घरी "कंटाळा आला" म्हणाले, तर लगेच नवा खेळ घेऊन देऊ नका, की संगणक बंद करा असेही म्हणू नका. चकलीची बशी घेऊन शेजारी खुर्ची ओढा आणि तेवढे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचे उत्तर नीट ऐका.