पाणंदीवरचा मुरूम जातो कुठे?

मैत्रिणींनो, पाणंदीवर मुरूम टाकला की एक उन्हाळा बरा जातो. पाऊस लागला की पुन्हा चिखल. दूध वेळेत डेअरीला पोचत नाही, आजारी माणसाला उचलून डांबरीपर्यंत आणावं लागतं. सगळे म्हणतात, मुरूम वाहून गेला. पण काळ्या रानात बराचसा मुरूम वाहत नाही, खाली जातो.

काळी माती पाणी प्यायली की फुगते, मऊ होते. वरून ट्रॅक्टर गेला की मुरूम, खडी मातीत दबते आणि चिखल फटीतून वर येतो. दोन्ही मिसळले की रस्ता संपला.

यावर उपाय म्हणजे माती आणि मुरूम यांच्यामध्ये खास कापड अंथरणं. त्याला जिओटेक्स्टाइल म्हणतात. ते तीन कामं करतं :

१. माती आणि मुरूम वेगळे ठेवतं.
२. गाळणीसारखं पाणी जाऊ देतं, माती अडवतं. म्हणून साधा प्लास्टिकचा कागद इथं चालत नाही.
३. भार वाटून घेतं. बाजेवर बसलं की वजन एकाच दोरीवर येत नाही, तसंच.

हे कापड कृत्रिम धाग्याचं असतं, तसंच नारळाच्या काथ्याचंही असतं. २०२० मध्ये केंद्र सरकारनं प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत १,६७४ किलोमीटर रस्ते काथ्याचं कापड वापरून करायचं ठरवलं. त्यात महाराष्ट्राचे ३२८ किलोमीटर होते. काथ्या काही वर्षांत कुजतो, पण तोवर खालची माती दबून घट्ट होते.

काम चालू असताना एवढं बघा :

• आधी खुंट, मुळ्या, टोकदार दगड काढलेत ना? मधे उंच, कडेला उतार आहे ना?
• कापड ताणून, सुरकुती न पडता अंथरलंय का?
• एका पट्टीवर दुसरी निदान एक फूट चढली पाहिजे. माती फार मऊ असेल तर जास्त.
• उघड्या कापडावर गाडी घालू देऊ नका. मुरूम पुढं पुढं ढकलत पसरायचा. चाकाखाली निदान सहा इंच थर हवा.
• कृत्रिम कापड उन्हात फार दिवस उघडं ठेवू नये, धागा कमजोर होतो.
• दोन्ही बाजूंना चर हवाच. पाणी तुंबलं तर कापड एकटं काय करणार?

कापडाचा खर्च सुरुवातीला वाढतो, हे खरं. मुरमाड, टणक जमिनीवर त्याची गरजही नसते. पण जिथं दरवर्षी मुरूम टाकूनही चिखलच होतो, तिथं तेच पैसे पुन्हा पुन्हा मातीत जातात.

म्हणून ग्रामसभेआधीच्या महिला सभेत हा विषय घ्या. पाणंदीचा कोणता तुकडा दरवर्षी खचतो, ते लिहून न्या. अभियंत्यांना विचारा, "साहेब, अंदाजपत्रकात कापड आणि चर धरलाय का?" पाणंद रोज आपण तुडवतो, तर तिचा हिशोबही आपणच विचारायचा.