मेट्रोनंतर हिंजवडीची कोंडी सुटेल का? अमेरिकेतल्या एका उपनगराचा अनुभव काय सांगतो

सकाळचे साडेनऊ वाजलेत. वाकडच्या पुलाकडून हिंजवडीच्या दिशेने वळलेल्या गाड्यांची रांग जागची हलत नाहीये. ऑफिस जेमतेम तीन-चार किलोमीटरवर आहे, पण तिथे पोहोचायला किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. पाऊस असेल तर विचारायलाच नको.

पुण्यात आयटीत काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे चित्र पाठ आहे. त्यावरचा उपाय म्हणून सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे लागलं, ती म्हणजे मेट्रो. पण मेट्रो आली की कोंडी आपोआप सुटते का? हे समजून घ्यायचं तर आधी ही कोंडी तयार कशी झाली ते पाहावं लागेल.

शेताच्या जागी आयटी पार्क

हिंजवडी, माण, मारुंजी ही मुळशी तालुक्यातली गावं. शरद पवार अनेकदा सांगत आले आहेत की, या भागात साखर कारखाना होणार होता, पण तो दुसरीकडे हलवून इथे आयटी पार्क करायचं ठरलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एमआयडीसीने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारायला सुरुवात केली. मुंबई-बंगळुरू महामार्ग जवळ होता, मोठे भूखंड उपलब्ध होते. कंपन्या आल्या. पहिल्या टप्प्यामागून दुसरा आणि तिसरा टप्पाही झाला.

पण हे सगळं 'औद्योगिक वसाहत' म्हणून आखलेलं होतं. मोठमोठे भूखंड, त्यांना कुंपण, आत कॅम्पस आणि बाहेर एक मुख्य रस्ता. कारखान्यात कामगार तीन पाळ्यांमध्ये विभागले जातात, आयटीत मात्र बहुतेकांची ऑफिसला जायची वेळ साधारण एकच असते. त्यात भूखंडांच्या मधून जाणारे छोटे रस्तेच नाहीत. त्यामुळे शेजारच्या इमारतीत जेवायला जायचं असलं तरी फिरून पुन्हा त्याच मुख्य रस्त्यावर यावं लागतं.

दुसरी अडचण कारभाराची आहे. पार्कमधले रस्ते एमआयडीसीचे. गावं ग्रामपंचायतीची. आजूबाजूच्या भागाचं नियोजन पीएमआरडीएकडे. महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. शेजारचं वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत आणि बस पीएमपीएमएलच्या. पावसाचं पाणी मात्र या हद्दी पाहून वाहत नाही. जून 2025मध्ये हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा जबाबदार कोण हा प्रश्न विचारला गेला तो यामुळेच.

आतापर्यंत काय केलं गेलं?

2018मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि शिवाजी चौक परिसरात चक्राकार एकेरी वाहतूक लागू झाली. त्याने दिलासा मिळाला, पण गाड्या वाढत राहिल्या. 2025मध्ये कर्मचाऱ्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवली. त्याच वर्षी जुलैमध्ये मुख्यमंत्र्यांनी बैठक घेऊन समन्वयाची जबाबदारी पीएमआरडीए आयुक्तांकडे दिली.

आणि मेट्रो? माण ते शिवाजीनगर ही 23.3 किलोमीटरची, 23 स्टेशनांची लाइन तीन. भूमिपूजन झालं 18 डिसेंबर 2018ला. खासगी भागीदारीतल्या या प्रकल्पाची मूळ मुदत मार्च 2025 होती. ती हुकली.

टायसन्समध्ये काय घडलं?

अशी वेळ आलेलं हिंजवडी हे पहिलं ठिकाण नाही. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनजवळ, व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीत टायसन्स नावाचं उपनगर आहे. एकेकाळी तिथे शेतं आणि दोन रस्त्यांची एक चौफुली होती. पुढे शेजारून महामार्ग गेला, 1968मध्ये मोठा मॉल उघडला आणि मागोमाग ऑफिसं आली. 2010च्या सुमारास तिथे एक लाखाहून जास्त नोकऱ्या होत्या आणि राहणारे लोक होते फक्त 17 हजारांच्या आसपास. म्हणजे एका रहिवाशामागे सहा नोकऱ्या. सकाळी सगळे गाडी घेऊन येणार, संध्याकाळी गाडी घेऊनच परत जाणार.

तिथेही मेट्रो येणार होती. पण काउंटीने ती सुरू व्हायची वाट पाहिली नाही. जून 2010मध्ये संपूर्ण टायसन्ससाठी नवा आराखडा मंजूर झाला. मेट्रो सुरू झाली त्यानंतर चार वर्षांनी, 26 जुलै 2014ला. टायसन्सला एकदम चार स्टेशनं मिळाली.

या आराखड्यातले चार निर्णय महत्त्वाचे आहेत.

एक, लोकांनी कामाच्या जवळ राहावं. 2050पर्यंत दोन लाख नोकऱ्या आणि एक लाख रहिवासी असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. म्हणजे सहास एक हे प्रमाण दोनास एकवर आणायचं.

दोन, वाढ स्टेशनजवळ व्हावी. नव्या बांधकामापैकी 75 टक्के स्टेशनपासून अर्ध्या मैलाच्या आत, म्हणजे साधारण 800 मीटरमध्ये असावं असं ठरलं.

तीन, मोठे भूखंड फोडून रस्त्यांचं जाळं विणायचं. जुनी इमारत पाडून नवी बांधायची असेल, तर बिल्डरने मधून रस्ता आणि फुटपाथ द्यायचा. चालायचं अंतर कमी झालं की लोक चालतात, हा त्यामागचा हिशेब.

चार, पार्किंगचा नियम उलटा करायचा. आधी 'किमान इतकं पार्किंग हवंच' असा नियम होता. स्टेशनजवळच्या ऑफिसांसाठी तो 'याहून जास्त पार्किंग नको' असा झाला.

पैशांचं काय? 2013मध्ये टायसन्ससाठी खास कर-क्षेत्र तयार झालं. तिथल्या मालमत्तांकडून जास्तीचा कर घेऊन तो तिथल्याच वाहतूक सुधारणांवर खर्च केला जातो. मेट्रोमुळे ज्यांच्या जागेची किंमत वाढते, त्यांनी खर्चाचा वाटाही उचलावा, हे त्यामागचं तत्त्व.

म्हणून टायसन्स आता आदर्श आहे का? तसं नाही. स्टेशनमधून बाहेर पडल्यावर आजही काही ठिकाणी आठ-आठ पदरी रस्ते ओलांडावे लागतात. रस्त्यांचं जाळं तुकड्यातुकड्यांनी तयार होतंय, कारण ते बिल्डरच्या वेळापत्रकावर चालतं. गाडीसाठी बांधलेलं उपनगर माणसांसाठी बदलायला काही दशकं लागतात.

मग हिंजवडीने काय घ्यावं?

टायसन्सची नक्कल करून भागणार नाही. हिंजवडीत गावठाण आहे, शेती आहे, आणि रस्ता रुंद करायचा तर कुणाची तरी जमीन जाते. मोबदल्याचा प्रश्न सुटल्याशिवाय नकाशावरची रेष रस्ता होत नाही. शिवाय टायसन्समध्ये नियोजनापासून करापर्यंतचे मुख्य निर्णय एका काउंटीच्या हातात होते. हिंजवडीत ते अनेक यंत्रणांमध्ये वाटले गेलेत.

पण मूळ गणित दोन्हीकडे सारखंच आहे. अमेरिकेतल्या शहर वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार, मुख्यतः गाड्या धावणाऱ्या एका लेनमधून तासाला 600 ते 1,600 माणसं जाऊ शकतात. तीच लेन बससाठी राखीव ठेवली तर 4,000 ते 8,000. म्हणजे रस्ता तेवढाच राहतो, पण त्यावरून माणसं कैकपटीने जास्त जातात.

मेट्रो याहून मोठी गर्दी वाहून नेते, पण ती माणसाला स्टेशनवर सोडते, ऑफिसच्या दारात नाही. शेवटचे 500 मीटर चालायला सहा-सात मिनिटं लागतात. तिथे सलग फुटपाथ, सावली, दिवे आणि रस्ता ओलांडायची सोय असेल तर लोक चालतील. गुडघाभर पाणी आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक असतील तर ते पुन्हा कॅब बोलावतील आणि ती कॅब त्याच रांगेत उभी राहील.

महाराष्ट्राच्या नियमांत मेट्रो स्टेशनपासून 500 मीटरच्या परिसरात जास्त एफएसआय देण्याची तरतूद आहे. पण जास्त मजले बांधू देताना मधून रस्ता, फुटपाथ आणि सामान्य पगारदाराला परवडतील अशी घरं मागितली नाहीत, तर स्टेशनजवळची गर्दी तेवढी वाढेल.

त्यामुळे उद्घाटनाची तारीख महत्त्वाची असली, तरी हिंजवडीची खरी परीक्षा वेगळी आहे. पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी स्टेशनवर उतरलेला कर्मचारी, गाडीखाली न येता आणि चिखलात न भरता, दहा मिनिटांत कंपनीच्या गेटवर पोहोचतो का? ज्या दिवशी याचं उत्तर 'हो' असेल, त्या दिवसापासून वाकडच्या पुलावरची रांग लहान व्हायला लागेल.